सातपुडा बारा महिने: एकाच जागेवरून फोटो, आणि त्यातून लेखन



‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘माझे आवडते ठिकाण’ हा निबंध कुठल्याही वर्गाला द्या. वह्या तपासायला घेतल्या की पहिल्या पाचच वह्यांत लक्षात येतं, की सगळ्यांचा निसर्ग एकच आहे. खळखळ वाहणारे झरे, हिरवागार शालू नेसलेली धरती, बर्फाने झाकलेली शिखरं आणि मंजुळ गाणारी कोकिळा. चित्रकलेच्या वहीत तेच. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला नारळाचं झाड.

हे लिहिणारी आणि काढणारी मुलं राहतात कुठे? अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला. गावाच्या उत्तरेला आडवा पसरलेला सातपुडा त्यांना वर्गाच्या बाहेर आल्याबरोबर दिसतो. शेताला जाताना, गच्चीवर गेल्यावर, सायकलवर, सगळीकडे तो सोबत असतो. पण वहीत मात्र तो येत नाही. रोज दिसणारी गोष्ट आपण पाहत नाही, आणि जे पाहिलंच नाही ते लिहिता येत नाही. मग गाइड उघडावं लागतं.

यावर एक साधा, बिनखर्चाचा उपक्रम आहे. एकच जागा ठरवायची, एकाच दिशेला तोंड करून महिन्यातून एकदा डोंगराचा फोटो काढायचा आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी लिहायच्या. वर्षाअखेर बारा फोटो आणि अठ्ठेचाळीस ओळी तयार होतात. भूगोल, परिसर अभ्यास, विज्ञान आणि मराठी हे चारही विषय त्यात आपसूक येतात. हा उपक्रम कसा करायचा आणि कोणत्या ऋतूत काय पाहायचं, ते आज सविस्तर बघू.

आपला डोंगर खरंच कसा दिसतो?

आपल्याला दिसतो तो सातपुड्याचा गाविलगड डोंगररांगेचा भाग. दगड काळा, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यातून हा दगड तयार झाला. थर आडवे असल्यामुळे आपल्या डोंगरांचे माथे बहुतेक सपाट दिसतात आणि उतारावर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. हिमालयासारखं टोकदार शिखर इथे शोधून सापडणार नाही. म्हणजे मुलांच्या वहीतला त्रिकोणी डोंगर आपला नाहीच.

सूर्याचंही तसंच. हिवरखेडहून डोंगर उत्तरेला आहे. २१ जूनच्या सुमारास सूर्य जास्तीत जास्त ईशान्येकडे सरकतो, पण तेव्हाही तो नेमक्या पूर्वेपासून साधारण २५ अंशच उत्तरेला उगवतो. बरोबर उत्तरेला तो कधीच उगवत नाही आणि मावळतही नाही. त्यामुळे समोरच्या दोन डोंगरांच्या मधून सूर्य वर आलेला आपल्याकडे कुणीही पाहिलेला नाही. वर्गात हे नुसतं विचारून बघा: “आपल्या डोंगरामागून सूर्य उगवतो का रे?” बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उभं करा. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडेल.

डोंगराच्या पायथ्याशी आपली वावरं. खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो, आणि पायथ्याजवळ विहिरींना गोडं पाणी असल्यामुळे संत्रा, केळी, पानपिंपरी असं बागायती पीक दिसतं. वान नदी याच डोंगरातून उतरते आणि वारीजवळ तिच्यावर हनुमान सागर धरण आहे. डोंगराच्या पलीकडे मेळघाटचं जंगल. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांमध्ये मेळघाट होता. एवढं सगळं एका फोटोच्या चौकटीत किंवा तिच्या लगेच मागे आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावं.

ऋतूंप्रमाणे काय बदलतं?

फोटोत तीन पट्टे असतील असं बघा: खाली वावर, मध्ये डोंगर, वर आभाळ. दर महिन्याला तिन्ही पट्टे वेगळे दिसतात.

*मृग ते पोळा.* जूनच्या सुरुवातीला खालचा पट्टा काळा, वखरलेला. आभाळात ढग जमतात पण डोंगर अजून तपकिरीच. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की पंधरा दिवसांत डोंगराचा रंग पालटतो. आधी गवत हिरवं होतं, मग साग मोठाली पानं काढतो. त्यामुळे एरवी महिन्यातून एकच फोटो काढला तरी चालेल, पण जून-जुलैत दर आठवड्याला काढावा. वर्षातला सगळ्यात वेगवान बदल याच दिवसांत होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ढग इतके खाली येतात की माथा दिसेनासा होतो. मुलं म्हणतील, “सर, आज डोंगरच नाही, फोटो काय काढायचा?” तोच फोटो काढायचा! डोंगर न दिसणं हीसुद्धा नोंदच आहे. इथे एक प्रश्न विचारता येतो. अकोल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर आणि चिखलदऱ्याची सुमारे १,१०० मीटर. चिखलदऱ्याला पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. का? वाऱ्याबरोबर आलेली ओलसर हवा डोंगराला अडून वर चढते, वर गेली की थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. पुस्तकातला प्रतिरोध पाऊस तो हाच. मुलांच्या फोटोत माथ्यावर अडकलेला ढग असेल तर आकृती काढायची गरजच नाही.

*भादवा आणि आश्विन.* यात एक गंमत आहे. सगळीकडे हिरवं असताना काही वर्षी सागाचं रान मध्येच तांबूस-तपकिरी दिसायला लागतं. झाडं वाळली की काय, असं वाटतं. खरं म्हणजे एका पतंगाच्या अळ्या सागाच्या पानाचा हिरवा गर खातात आणि शिरांची नुसती जाळी ठेवतात. जाळी झालेलं एक पान वर्गात आणून उजेडासमोर धरा, मुलं ते विसरणार नाहीत. दुरून दिसलेला रंग आणि हातातलं पान यांचा संबंध जोडता येणं, हेच निरीक्षण.

दसऱ्याच्या आसपास पाऊस सरतो. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि नवी अजून उडालेली नसते. वर्षातला सगळ्यात स्वच्छ डोंगर याच दिवसांत दिसतो. उतारावरच्या घळी, कडे, पुढची रांग आणि मागची रांग, सगळं मोजता येतं. खालच्या पट्ट्यात सोयाबीन निघालेलं असतं, पऱ्हाटीला बोंडं फुटायला लागलेली असतात.

*दिवाळी ते संक्रांत.* गवत पिवळं पडून सोनेरी होतं, तुरीला पिवळा फुलोरा येतो, हरभरा उगवतो. सकाळच्या फोटोत डोंगराचा पायथा धुरकट आणि माथा मात्र स्पष्ट, असं बरेचदा दिसेल. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा जास्त थंड होते आणि खालीच बसून राहते. गावातला चुलींचा धूर, रस्त्यावरची धूळ तिच्यातच अडकते. दहा-अकरा वाजता ऊन तापलं की ती हवा वर उठते आणि पायथा मोकळा होतो. एकाच दिवशी सकाळी आठला आणि अकराला असे दोन फोटो काढले की हे सहज समजतं.

डिसेंबरात उजेड फोटोसाठी सगळ्यात चांगला असतो. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. आपण उत्तरेला तोंड करून उभे, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी. भर दुपारीही तो आभाळात निम्म्याच उंचीवर, सुमारे ४५ अंशावर असतो. त्यामुळे समोरच्या उतारावर तिरपा उजेड पडतो आणि प्रत्येक घळीची सावली उठून दिसते. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्र दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सावल्या नाहीशा होतात आणि तोच डोंगर सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. डोंगर तोच असतो, उजेडाची दिशा बदललेली असते.

*होळी.* सागाची पानं गळून उतार उघडा पडतो. पाण्याची चणचण असते तेव्हा पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानंच टाकून देतं. याच वेळी धुऱ्यावर आणि पायथ्याला पळस फुलतो. फांदीवर पान नसल्यामुळे केशरी फुलं पाखरांना लांबूनही दिसतात. मैना, शिंजीर अशी पाखरं मधासाठी येतात आणि परागीभवन होतं. पानगळ म्हणजे ‘निसर्ग उदास झाला’ असं मुलं लिहितात. पळसाचा फोटो समोर ठेवून विचारा, हा उदास दिसतो का?

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या रात्री डोंगरावर आगीची लाल रेघ दिसते. वणवा. वाळलेलं गवत आणि सागाचा पाला लवकर पेटतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेही एक कारण असतं. वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो ते आग पुढे पसरू नये म्हणूनच. पुढच्या सकाळच्या फोटोत काळा डाग दिसेल. तो डाग किती मोठा होता आणि पावसाळ्यात तिथे हिरवं केव्हा आलं, हे आपल्या बारा फोटोंवरून सांगता येतं. नुसत्या आठवणीवरून कुणालाच सांगता येत नाही. या उपक्रमाची किंमत मुलांना इथे कळते.

*चैत्र, वैशाख आणि नवतपा.* कडुनिंबाला नवी पालवी, बहाव्याचे पिवळे घोस आणि बाकी सगळं करपलेलं. हवेत धूळ इतकी, की दुपारी डोंगर असून नसल्यासारखा. आभाळाचा निळा रंगही पांढुरका होतो. डोंगर दुरून निळसर का दिसतो, हा प्रश्न याच वेळी घ्यावा. आपल्या आणि डोंगराच्या मधे कित्येक किलोमीटर हवा असते. हवेचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाशातला निळा रंग जास्त विखुरतात आणि तो निळा उजेड डोंगराच्या रंगात मिसळतो. जवळची रांग गडद, मागची फिकट, त्यामागची आणखी फिकट, ते यामुळेच. धुळीचे कण मोठे असतात. ते सगळेच रंग विखुरतात, म्हणून उन्हाळ्यात निळ्याऐवजी पांढुरकी झाक येते. ऑक्टोबर आणि मे, दोन्ही फोटो शेजारी ठेवले की झालं.

फोटो काढायचा कसा?

महागडा कॅमेरा नको. घरातला साधा मोबाइल पुरतो. नियम मात्र पाळायचे.

१. जागा पक्की करा. शाळेच्या आवारात किंवा गच्चीवर चुन्याने दोन पावलांची खूण करा. दरवेळी तिथेच उभं राहायचं.

२. चौकट पक्की करा. फोटोत कायम राहणारी एक वस्तू ठरवा: एखादं हिवराचं झाड, विजेचा खांब, पाण्याची टाकी. ती दरवेळी उजव्या कडेला आली पाहिजे. हिवराचं झाड मिळालं तर उत्तमच, आपल्या गावाच्या नावातही तेच आहे.

३. मोबाइल आडवा धरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू केलं की पडद्यावर रेषा दिसतात. खालची रेषा जमिनीला समांतर ठेवा.

४. झूम करू नका. झूम केल्यावर चित्र फुटतं आणि पुढच्या वेळी तेवढंच झूम जमत नाही.

५. पडद्यावर डोंगराला बोट लावा. आभाळाला बोट लावलं तर डोंगर काळा येतो.

६. वेळ सूर्यावरून ठरवा. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये पावणेसहाच्या आत उगवतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास. घड्याळाचे आठ दोन्ही वेळी सारखे नसतात. ‘सूर्योदयानंतर एक तास’ असा नियम ठेवा.

७. दिवस इंग्रजी तारखेने धरा. सणांची नावं मुलांच्या लक्षात राहायला छान, पण पोळा आणि होळी दरवर्षी पुढेमागे सरकतात. यंदाच्या आणि पुढच्या वर्षीच्या फोटोंची तुलना करायची तर दर महिन्याची एकच तारीख हवी.

८. फिल्टर लावू नका. हिरवं आणखी हिरवं करणारी सोय आता प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तसा फोटो शुभेच्छा पाठवायला ठीक, पण आपल्याला डोंगराचा खरा रंग हवा आहे. मे महिन्यातला करपलेला फोटो सुंदर नाही म्हणून काढून टाकायचा नाही.

९. फोटोला तारखेचं नाव द्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. शक्य असेल तर छापून भिंतीवर एका ओळीत लावा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जून अखेर सुरू होतात. मे आणि जूनचे फोटो म्हणूनच सुटीत गावातच राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे आणि त्यांच्या पालकांकडे सोपवावे लागतील. ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर नेमके बदलाचे दिवस हातचे जातात.

फोटोवरून लेखनाकडे

फोटो काढून झाला की काम अर्धं झालं. लगेच तिथेच उभं राहून मुलांनी चार ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळ एका प्रश्नाचं उत्तर:

– मागच्या फोटोपेक्षा काय बदललं?
– कुठला रंग कुठे आहे?
– फोटोत येत नाही असं काय जाणवतं? (वास, आवाज, वारा, थंडी)
– असं का झालं असेल?

विशेषणांवर बंदी घालू नका, पण प्रत्येक विशेषणाला पुरावा मागा. ‘सुंदर डोंगर’ असं लिहिलं तर विचारा, “काय पाहून सुंदर म्हणतेस?” मग वाक्य बदलतं. ‘पावसाळ्यात धरती हिरवा शालू नेसते’ याच्या जागी असं काहीसं यायला लागतं: ‘आज डोंगराचा खालचा अर्धा भाग हिरवा आहे, वरचा अजून तपकिरी. माथ्यावर ढग आहे, म्हणून टोक दिसत नाही. आमच्या वावरातली पऱ्हाटी बोटभर झाली. मातीचा वास आज कमी आहे, कारण पाऊस रोजच पडतोय.’

या चार वाक्यांत एकही अलंकार नाही. पण ती वाचणाऱ्याला डोंगर दिसतो, आणि लिहिणाऱ्याला गाइड लागलेलं नाही. ‘वावर’, ‘पऱ्हाटी’, ‘धुरा’ हे शब्द मुलांनी लिहिले तर कृपा करून लाल पेनाने खोडू नका. घरी ज्या शब्दांनी मूल शेत ओळखतं, त्याच शब्दांनी त्याचं पाहणं अचूक होतं. प्रमाण भाषेतला शब्द शेजारी सांगा, दोन्ही राहू द्या.

वर्षाअखेर प्रत्येकाने आपल्या ओळी एकत्र करून ‘आमचा सातपुडा’ असा निबंध लिहायचा. चाळीस मुलांचा डोंगर एकच, पण निबंध वेगवेगळे होतात. एकाचं लक्ष ढगांवर असतं, एकीचं पिकावर, तिसऱ्याचं वणव्यावर.

जगात हे काम असंच चालतं

‘एवढ्याशा फोटोंनी काय होणार?’ असं कुणी विचारलं तर मुलांना दोन गोष्टी सांगा. जर्मनीतले गणिताचे अभ्यासक सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्प्स पर्वतातल्या हिमनद्यांचे फोटो ठरावीक जागांवरून घ्यायला सुरुवात केली. त्याच जागी पुन्हा जाऊन फोटो घेतला की हिमनदी किती सरकली, किती आटली, हे मोजता येतं. पुढे २००७ मध्ये जेम्स बालोग या छायाचित्रकाराने बर्फाळ प्रदेशात कॅमेरे एका जागी पक्के बसवले आणि वितळणाऱ्या हिमनद्या जगाला दाखवल्या. पद्धत आपलीच: जागा तीच, चौकट तीच, काळ वेगळा. आपल्या देशात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे. त्यात शाळेतली मुलं आणि मोठी माणसं एकाच झाडाची पालवी, फुलं, फळं नियमित नोंदवतात. आपल्या फोटोतल्या हिवराची किंवा पळसाची नोंद त्यालाही जोडता येईल.

एक काम घरचंही द्या. जुन्या अल्बममध्ये लग्नाचा, घराच्या बांधकामाचा, शेतातला असा एखादा फोटो शोधायचा, ज्याच्या मागे डोंगर आला आहे. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी हिवरखेड स्टेशनवरून पुढे मेळघाटात शिरायची आणि धुळघाटला गोल वळसा घेत घाट चढायची. आजच्या मुलांनी ती गाडी पाहिलेली नाही. मार्ग रुंद करताना तो जंगलातूनच न्यायचा की बाहेरून वळवायचा, यावर पुढे मोठा वाद झाला. आजीआजोबांनी त्या गाडीतून पाहिलेला डोंगर आणि नातवाच्या मोबाइलमधला डोंगर समोरासमोर आले, की घरात बोलणं सुरू होतं. ते बोलणंही वहीत उतरवायला सांगा.

पालकांसाठी दोन शब्द

‘मोबाइल हातात दिला की मूल बिघडतं’ ही काळजी खरी आहे. या उपक्रमात मोबाइल महिन्यातून दहा मिनिटं लागतो, तोही मोठ्यांसमोर. फोटो झाला की परत घ्यायचा. मूल पडद्यापेक्षा डोंगराकडेच जास्त वेळ बघेल.

सुरक्षिततेचं भान ठेवा. विजा कडकडत असतील तर गच्चीवर किंवा झाडाखाली थांबायचं नाही, त्या दिवशीचा फोटो दुसऱ्या दिवशी. रेल्वेरुळांवर, धरणाच्या भिंतीवर, विहिरीच्या काठावर उभं राहून फोटो नको. मेळघाट आणि आसपासच्या अभयारण्यात परवानगीशिवाय जायचं नाही. आपल्या कामाला जंगलात शिरायची गरजच नाही, डोंगर गावातूनच दिसतो. आणि फोटोत दुसऱ्या मुलांचे चेहरे येत असतील तर ते कुठेही पाठवायचे नाहीत.

सुरुवात कुठल्याही महिन्यात करता येते. जूनची किंवा नव्या सत्राची वाट पाहू नका. उद्या सकाळी खूण करा आणि पहिला फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तेरावा फोटो काढाल, तेव्हा पहिला आणि तेरावा शेजारी ठेवून मुलांना एवढंच विचारा: “सारखे आहेत का?” त्यांच्याजवळ सांगायला खूप असेल, आणि ते सगळं त्यांनी स्वतः पाहिलेलं असेल.